म्हसोबाला बोललेला कोंबडा

मी बी.ए. झालो याचे श्रेय कोणाला द्यायचे, यावर आमच्या गावात सहा महिने वाद चालला होता. त्या वादात माझ्या अभ्यासाचे नाव एकदाही निघाले नाही.

साल सत्तर. पुणतांब्याच्या स्टेशनापासून दीड-दोन मैलांवर आमचे गाव. गावाच्या उगवतीला आम्हा ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस घरे आणि त्यांच्या मधोमध एक बुटके, कौलारू चर्च. वडील त्या चर्चची झाडलोट करत, कंदिलांच्या काचा पुसत, घंटा वाजवत आणि आठवड्याचे बाकीचे दिवस लोकांच्या उसाला पाणी धरत. घंटेसाठी घड्याळ लागते, ते आमच्याकडे नव्हते. स्टेशनातून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीची शिटी ऐकू आली की ते पहिली घंटा देत. गाडीला उशीर झाला की आमच्या मंडळीचा रविवारही उशिरा उगवायचा.

आमच्या मंडळीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. नगरला एका वसतिगृहात राहून शिकलो. तिथल्या आमटीचे आणि तिथल्या ग्रंथालयाचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण एवढे उपकार पाठीशी असूनही बी.ए.च्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी नापास झालो. वडिलांनी एका शब्दाने विचारले नाही. फक्त त्या वर्षभर ते पहाटेच्या प्रार्थनेला गुडघ्यांवर जरा जास्त वेळ राहू लागले, असे आई सांगायची.

दुसऱ्या खेपेचा निकाल जूनमध्ये लागला. निकालाचे वर्तमानपत्र पॅसेंजरने यायचे, म्हणून मी दुपारपासूनच स्टेशनावर जाऊन बसलो होतो. तृतीय श्रेणीच्या गर्दीत माझा नंबर सापडला. घरी पळत येईपर्यंत तो मला चार वेळा खोटा वाटला आणि चारही वेळा मी उन्हात थांबून वर्तमानपत्र पुन्हा उघडले.

पाळकसाहेबांनी येत्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना जाहीर केली. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच नगरहून बदलून आले होते आणि आनंद साजरा करायची संधी सोडत नसत. मी एक छोटे भाषण तयार केले. त्यात 'परिश्रम' हा शब्द तीनदा होता. पण माझ्या आधी वडील साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सगळ्यांसमोर सांगायला, उभे राहिले.

आमच्या चर्चमध्ये सतरंजीवर बसायचे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये हातभर वाट. आई नेहमी त्या वाटेच्या कडेला बसायची आणि वडिलांनाही वाटेच्या कडेलाच बसवायची. लक्ष ठेवायला बरे पडते, म्हणायची.

"मी काय शिकल्याला मानूस न्हाई," वडील म्हणाले. "पोरगं पास व्हावं म्हनून प्रभूम्होरं रोज गुडघं टेकलं. पन मागल्या वर्साला बी टेकलं हुतं आन् पोरगं नापास झालं. मला वाटलं, प्रभूला सगळ्या जगाची कामं. कुटं कुटं बघल त्यो? म्हनून मार्च म्हयन्यात मी येशीभायेरच्या म्हसोबाला एक कोंबडा बोललो."

इथे आईचा हात ती हातभर वाट ओलांडून गेला आणि तिने वडिलांच्या धोतराचा सोगा धरून खाली ओढला. वडिलांनी एका हाताने धोतर सावरले आणि साक्ष पुरी केली.

"आता दोघातल्या कुनी काम केलं ते मला ठावं न्हाई. खोटं कशाला बोलू? मी दोघांचंबी आभार मानतो."

ते खाली बसले. माझे भाषण मी खिशातच ठेवले.

त्याच दुपारी लिंबाखाली चर्चची पंच कमिटी बसली. कमिटीचे प्रमुख मास्तर होते. निवृत्त शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच मुळाक्षरे शिकवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना शिकवायचे राहून गेले याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर कायम असे. त्यांच्या मांडीवर ठरावाची वही होती. शाळेत त्यांनी वही उघडली की कोणाला तरी छडी बसायची, ही सवय मनातून जात नव्हती.

"मूर्तीला नवस म्हणजे देवाच्या दहा आज्ञांतल्या पहिल्याच आज्ञेचा भंग," मास्तर म्हणाले. "शिस्त म्हणून सहा महिने प्रभुभोजनाला बसायचं नाही. भाकर नाही, प्याला नाही."

"सा म्हयने पुरं व्हतील का, मास्तर?" वडिलांनी विचारले. "वरीस करा."

"ही काय बाजारातली मेथी आहे का, भाव करायला?"

"भाव करत न्हाई. चूक लहान न्हाई, म्हनून म्हनलं."

पाळकसाहेब म्हणाले, "लोक शिक्षा कमी करून मागतात हो."

"लोकांचं लोकांपाशी," वडील म्हणाले.

मास्तरांनी सहा महिनेच लिहिले. जुलै ते डिसेंबर. नाताळ त्यात येत होता, हे लिहून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आले. आईच्या ते आधीच लक्षात आले होते. ती लिंबाच्या पलीकडे भांडी घासत होती आणि त्या क्षणी एक पातेले जरा जोरात आपटले. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात दोघे मिळून बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले होते. तेव्हापासून नाताळच्या प्रभुभोजनाची भाकर दोघांनी एकाच वेळी घेतली होती, एकही वर्ष न चुकता.

मग विषय क्रमांक दोन निघाला. कोंबडा.

कोंबडा आमच्या खुराड्यात होता. मार्चमध्ये तो पिल्लाहून जरा मोठा होता. जूनपर्यंत त्याला लाल तुरा, हिरवट काळी शेपटी आणि स्वतःबद्दल फार चांगले मत आले होते.

"चर्चला देऊन टाकतो," वडील म्हणाले.

"म्हसोबाला बोललेला कोंबडा चर्चला?" मास्तर म्हणाले.

"मग विकून टाका," पाळकसाहेब म्हणाले.

"इकला तर म्हसोबाला फशिवल्यावानी व्हईल."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे तुमचा अजून म्हसोबावर विश्वास आहे?"

"न्हाई वो. पन शबुद दिला ना."

"मग कापून खा आणि मोकळे व्हा," पाळकसाहेब म्हणाले.

"तसं कसं?" मास्तर म्हणाले. "मूर्तीला दाखवलेलं मांस खावं की नाही, यावर शास्त्रात एवढा ऊहापोह आहे."

"दाखवलेलं कुठं? नुसतं बोललेलं आहे."

"मनानं दिलं म्हणजे दिलं."

"मग मनानंच परत घेता येईल."

ऊन उतरेपर्यंत हे चालले. तेवढ्या वेळात कोंबडा दोनदा कमिटीच्या मधून चालत गेला. शेवटी मास्तरांनी लिहिले, 'कोंबड्याचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.' कमिटीच्या ठरावाने जीवदान मिळालेला तो आमच्या तालुक्यातला एकमेव कोंबडा असावा. पुढच्या सभेतही तो तहकूब झाला, आणि त्याच्या पुढच्याही.

गावाला मात्र या प्रकरणाने दिवाळीआधीच दिवाळी मिळाली. म्हसोबा ज्यांच्या बांधावर होता ते बागायतदार चांगले मनमोकळे गृहस्थ. वडील त्यांच्याच उसाला पाणी धरत. मी रस्त्यात दिसलो की ते बैलगाडी थांबवायचे.

"काय बी.ए. साहेब, आमच्या देवानं काम केलं आन् तुमच्या देवानं सत्कार घेतला. कोंबडा कवा पाठिवताय?"

"कमिटी ठरवणार आहे," मी म्हणायचो.

"आरं, म्हसोबाचा कोंबडा आन् कमिटी तुमची? ह्ये बरं हाय."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असे; प्रभूच्या आठवणीत सगळे पावाचा एक तुकडा आणि रसाचा एक घोट घेत. आदल्या दिवशी आई काळ्या मनुका भिजत घालायची आणि सकाळी कुस्करून, गाळून त्यांचा रस करायची. पाव श्रीरामपूरहून यायचा. वडील मेजावर पांढरे कापड घालत, छोटे पेले पुसून मांडत आणि पावाच्या कडा कापून मऊ भागाचे सारखे चौकोनी तुकडे करत. हे काम बंद करा, असे ठरावात लिहिलेले नव्हते. तेव्हा प्रभूच्या मेजावर बसायला बंदी असलेला माणूस ते मेज मांडायचा, दुसरी घंटा द्यायचा आणि मग बाहेर जाऊन दाराच्या पायरीवर बसायचा. कापलेल्या कडा तो कोंबड्याला घालायचा.

"अवो, कोंबड्याला कडा तरी मिळत्यात," आई म्हणायची. "तुमाला तेबी न्हाई."

"त्येनं काय केलंय?" वडील म्हणायचे. "नवस म्या केला."

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी त्या शिष्यावर प्रवचन घेतले, ज्याने अंगणातल्या शेकोटीपाशी 'मी याला ओळखत नाही' असे आपल्या गुरूबद्दल तीनदा सांगितले. पाळकसाहेब बोलण्यात रंगले होते. "आणि तेवढ्यात," ते आवाज खाली आणून म्हणाले. शास्त्रात त्यापुढे कोंबडा आरवतो; पण त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच पायरीवरून आमचा आरवला.

मी पुढे चाळीस वर्षे अनेक चर्चमध्ये बसलो, पण एवढे हसलेली मंडळी पुन्हा पाहिली नाही. बायकांनी पदर तोंडात कोंबले. मास्तरांचासुद्धा चष्मा हलला. पाळकसाहेबांनी वाट पाहिली. हसणे जरा ओसरले तशी कोंबड्याने दुसरी बांग दिली. मग पाळकसाहेबांनी प्रवचन तिथेच थांबवले आणि गीत सांगितले.

दारातून मला वडिलांची पाठ दिसत होती. त्या पाठीला हसू आलेले नव्हते.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मास्तरांना दारातच गाठले. "मास्तर, त्या शिष्याला किती महिने बाहेर बसवलं होतं?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "तेव्हा कमिटी नव्हती," ते म्हणाले.

पण ते वाक्य त्यांना स्वतःलाच पुरले नसावे. तेव्हापासून त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते आणि ठरावाची वही ते जरा हळू उघडू लागले.

आता मला माझे सांगायचे आहे. ते सांगायचे म्हणूनच मी हे लिहायला बसलो आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नगरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक आमच्याकडे पाहुणे म्हणून उपदेशाला आले. त्यांच्या शाळेत जानेवारीपासून शिक्षकाची एक जागा रिकामी होणार होती. मला एकदा पाहावे, या बेतानेच पाळकसाहेबांनी त्यांना बोलावले होते. मी इस्त्रीची पँट घातली होती. बूट दुसऱ्याचे होते आणि चावत होते. स्टेशनापासून चर्चपर्यंत मी त्यांच्याशी शिक्षणाच्या ध्येयावर बोलत आलो.

पायरीवर वडील बसले होते. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडीचा तुकडा, शेजारी कोंबडा. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सलाम, साहेब."

"सलाम," मुख्याध्यापक म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे कोण?"

मला त्या क्षणी फक्त एवढेच दिसले, की पुढचा प्रश्न 'हे बाहेर का बसलेत' हा असणार, आणि त्याच्या उत्तरात म्हसोबा असणार.

"हे आमच्या चर्चचे घंटावाले," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग ते पाहुण्यांना म्हणाले, "व्हय साहेब. घंटा वाजवतो."

"मग आत नाही येत?"

"कोंबडा संभाळतो, साहेब," वडील म्हणाले. त्यांनी पायाने कोंबडा बाजूला सारला आणि आम्हाला वाट करून दिली.

मी आत गेलो. पुढे बसलो. ताट फिरत माझ्यापर्यंत आले आणि वडिलांनी सकाळी कापलेला पावाचा तुकडा मी उचलला.  म्हसोबाला कोंबडा बोललेला माणूस बाहेर होता आणि बापाला नाकारणारा मी आत. ठरावाच्या वहीत माझे नाव कुठेच नव्हते.

ऑक्टोबरमध्ये कमिटीने, खुद्द मास्तरांच्या सूचनेवरून, वडिलांची उरलेली शिस्त रद्द केली. मास्तर आणि पाळकसाहेब ते सांगायला आमच्या घरी आले. आईने चहाला दूधही जास्त घातले. वडिलांनी सगळे ऐकून घेतले.

"न्हाई," ते म्हणाले.

"काय नाही?"

"सा म्हयने म्हंजी सा म्हयने. आजून तीन बाकी हायेत."

"अहो, आम्ही माफ केलं," पाळकसाहेब म्हणाले.

"तुमचं मन मोठं हाय. पन म्या पुरं करनार."

"पुरं करून काय मिळणार आहे?"

"काय मिळायला पायजेल असं न्हाई. पन फुकाट घेतल्यालं मला पचत न्हाई, साहेब."

हे मात्र खरे होते. बागायतदारांच्या घरी लग्न असले तरी वडील आधी गाडीभर लाकडे फोडायचे आणि मग पंगतीला बसायचे. कोणी एक बिडी दिली तरी दुसऱ्या दिवशी परत करायचे. म्हसोबाशीही ते याच रीतीने वागले होते. पोराचा निकाल द्या, कोंबडा घ्या. प्रभूशी मात्र त्यांचे जमत नव्हते, कारण तो काहीच मागत नव्हता.

मास्तर वहीकडे पाहत राहिले. आयुष्यभर त्यांनी शिक्षा दिल्या होत्या. कोणी त्या अशा घट्ट धरून ठेवल्या नव्हत्या.

ते गेल्यावर मी वडिलांना समजावायला बसलो. मी शिकलेला होतो. कृपा म्हणजे काय, ती कमावता का येत नाही, शिक्षा भरून देवाशी बरोबरी करू पाहणे हा एक प्रकारचा गर्वच कसा आहे, हे सगळे मी त्यांना उदाहरणे देऊन सांगितले. अजूनही मला वाटते की ते चांगले सांगितले. वडील शांतपणे ऐकत होते.

"लई चांगलं बोलतुयास," ते शेवटी म्हणाले. "मास्तर व्हशील. जा, कोंबड्याला पानी ठिव."

मी पाणी ठेवले. कोंबड्याने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिले. त्याला सप्टेंबरचा तो रविवार ठाऊक होता, तो तिथेच होता, असे मला उगीचच वाटले.

आईने मग बोलणेच सोडले. म्हणजे इतर सगळे बोलायची, फक्त नाताळचे नाव काढायची नाही. करंज्यांचे सारण करताना, घर सारवताना, कागदाची चांदणी चिकटवताना तिच्या तोंडून नाताळ हा शब्द निघाला नाही. नुसते 'त्यो दिस' म्हणायची. एकदाच म्हणाली, "त्या दिशी तुमी भायेर आन् म्या आत. दोन घास दोन जागी. मला न्हाई जमायचं. म्या बी घ्यायची न्हाई." 

नाताळच्या आदल्या दिवशी, सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील, पोस्टमन पत्र देऊन गेला. वडील चर्चच्या भिंतीला चुना देत होते. ते तसेच, हातात कुंचा घेऊन, घराच्या ओट्याशी आले. वडिलांना वाचता येत नव्हते, पण माझे कोणतेही पत्र ते उभे राहून ऐकत.

पत्र त्या मुख्याध्यापकांचे होते. येत्या जानेवारीपासून मला शिक्षक म्हणून नेमले होते. मी ते मोठ्याने वाचले. आई चुलीपासून उठून दारात आली. मी वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आलो आणि थांबलो.

"झालं?" वडिलांनी विचारले.

"झालं."

"कागुद तर खाली आजून काळा दिसतुया."

मला वाटते, ज्याला वाचता येत नाही त्याच्यापासून कागदावरचे काही लपवणे फार अवघड असते. मी ती ओळ वाचली. 'त्या रविवारी चर्चच्या पायरीवर भेटलेल्या आपल्या वडिलांना माझा सलाम सांगावा. तुम्हा दोघांची नाके पाहिल्यावर नाते विचारण्याची गरज उरली नव्हती.'

"म्हंजी?" आई म्हणाली. "त्येंनी इचारलं नव्हतं का? तू सांगितलं नव्हतंस?"

मग मी सांगितले. आईलाच सांगितले, कारण वडिलांकडे बघवत नव्हते. इस्त्रीची पँट, चावणारे बूट, घंटावाले, सगळे. सांगताना मी बी.ए. झालेला नव्हतो, पहिलीतही नव्हतो.

आईने वडिलांकडे पाहिले. "आन् तुमी बोलला न्हाई? चार म्हयने झालं."

"काय बोलायचं? त्येला नोकरी पायजे हुती."

"बाबा, मला माफ करा," मी म्हणालो.

"कवाच केलं."

"कधी?"

"तवाच. तू आत गेलास आन् म्या दाराचं कवाड वडून घेतलं, तवा."

"पण मी मागितलीच नव्हती."

"मागायचं काय त्यात? पोरगा हायस तू माझा." त्यांना या बोलण्याचा कंटाळा आलेला दिसत होता. चुना वाळत होता. "जा, जेवून घे."

मला वाटते इथे गोष्ट संपली असती आणि वडील पायरीवरच राहिले असते. पण आई उंबऱ्यातून खाली उतरली.

"आसं कसं?" ती म्हणाली. "त्येला सा म्हयने घाला की. सायबाम्होरं बापाला वळख दिली न्हाई. सा म्हयने कशाला, वरीस घाला. म्हयनाभर भाकर बंद करा."

"येडी का काय तू? पोटच्या पोराला कुनी आसं करतं व्हय?"

"न्हाई करत?"

"न्हाई."

"मंग तुमी कुनाचं पोर हायसा?"

 वडिलांच्या हातातल्या कुंच्यातून चुन्याचे थेंब त्यांच्या पायावर पडत होते. मी जे तास-दीड तास उदाहरणांसह सांगितले होते, ते आईने पदराला हात पुसता पुसता विचारले होते.

ते परत गेले आणि भिंतीला चुना देऊ लागले. ज्या भिंतीला सकाळीच देऊन झाला होता तिलाच पुन्हा दिला. मग बादली खाली ठेवली आणि वेशीच्या बाजूला चालू लागले. मी लांबून मागे गेलो. बांधावर म्हसोबासमोर ते उभे राहिले, हात न जोडता, शेजाऱ्याशी बोलावे तसे. बागायतदार जवळच विहिरीवर होते. त्यांनी मोट थांबवली.

वडील परत वळले तेव्हा बागायतदारांनी हाक मारली. "काय सांगितलं रं देवाला?"

"म्हनलं, पोरगं मला फुकाट मिळालंय आन् पोराचा निकालबी. ह्यात तुजं काय न्हाई आन् माजंबी काय न्हाई. शबुद माघारी घेतो, कोंबडा घरीच ठिवतो."

"मंग म्हसोबा काय म्हनला?"

"काय न्हाई."

"मंग कबूल दिसतंय त्येला," बागायतदार म्हणाले आणि त्यांनी बैलांना हाकारले.

घरी आल्यावर वडिलांनी आईला विचारले, "त्या कोंबड्याचं कसं करायचं?"

"वाटन तयार हाय," आई म्हणाली. पाट्यावर खोबरे, कांदा, लसूण आणि मिरच्या वाटून तयार होत्या. ते तिने कधी वाटले, हे मला आजवर कळलेले नाही.

मी पाळकसाहेबांना आणि मास्तरांना बोलावून आणले. मास्तर वही घेऊनच आले, कारण तहकूब विषय सभेबाहेर निकाली काढणे नियमात बसत नव्हते. तेव्हा आमच्या ओट्यावर सभा भरली. ठराव पाळकसाहेबांनी मांडला. मग मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बाह्या वर केल्या आणि, मी स्वतः पाहिले म्हणून सांगतो, गरम पाण्यातून काढलेल्या कोंबड्याची पिसे उपटायला ते स्वतः बसले. शाळेत ज्या बोटांनी त्यांनी आमचे कान पिळले त्याच बोटांनी, तितक्याच काळजीने.

दुपारी जेवायला बसलो. पाळकसाहेबांनी आभार मानले.

"मी नुसता रस्सा घेतो," मास्तर म्हणाले. "शास्त्रात आक्षेप मांसाला आहे. रश्शाचा उल्लेख नाही."

आईने रस्सा वाढला. वाढताना तिच्या हातून एक तंगडी त्यांच्या ताटात पडली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले. वडील आपल्याच घरात पाहुण्यासारखे अवघडून बसले होते, कारण त्या दिवशी लाकडे फोडायची राहून गेली होती. मास्तरांनी आपल्या ताटातली तंगडी उचलली आणि वडिलांच्या ताटात ठेवली.

"खा," ते म्हणाले. "काही न फोडता खा."

वडिलांनी खाल्ली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी मिरचीला दोष दिला. आईने मास्तरांना दुसरी तंगडी वाढली. ती त्यांनी परत केली नाही. हात धुण्याआधीच त्यांनी वही उघडून लिहिले, 'कोंबड्याचा विषय निकाली निघाला.' खाली रश्शाच्या तेलकट बोटाचा एक ठसाही उमटला. तो सही समजावा, असे पाळकसाहेब म्हणाले.

नाताळच्या सकाळी गाडी पाऊण तास उशिरा आली, म्हणून प्रभूचा जन्मही आमच्याकडे पाऊण तास उशिरा झाला. वडिलांनी दुसरी घंटा दिली, दोर खुंटीला गुंडाळला आणि आत येऊन वाटेच्या कडेला बसले. धुतलेल्या धोतरावर चुन्याचे दोन ठिपके राहून गेले होते. दारात काढलेल्या वहाणा त्या दिवशी माझ्याच होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो.

गीते झाली, प्रवचन झाले. पावाचे ताट घेऊन पाळकसाहेब पुढे आले. त्या दिवशी पावाच्या कडा कापलेल्या नव्हत्या, कारण त्या खाणारा आता कोणी नव्हता. ताट आमच्या रांगेकडे वळले तसे वडील सहा महिन्यांच्या सवयीने उठून उभे राहिले आणि दाराकडे तोंड करू लागले.

ती हातभर वाट ओलांडून आईचा हात आला आणि तिने त्यांच्या धोतराचा सोगा धरून खाली ओढला. या खेपेला ते बसले.